नर्सरीत "नुसतं खेळतात" आणि चेहऱ्यांचे चार्ट दाखवतात, मग शिकतात कधी?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एका आईने विचारलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, नर्सरीत जायला लागून काही महिने झाले, आज काय केलं विचारलं की एकच उत्तर, "खेळलो". वही कोरी. त्याच्याच वयाची मावसबहीण दुसऱ्या शाळेत आहे, ती एबीसीडी लिहायला लागली. याच्या टीचर मात्र रोज सकाळी चेहऱ्यांचा चार्ट समोर धरून आज कसं वाटतंय ते विचारतात. त्यात हा सोडताना रडतो आणि मध्ये एकदा एका मुलाला चावला. तर ही शाळा शिकवते तरी काय, भावनाबिवना शिकवणं हे नर्सरीचं काम आहे का, आणि शाळा बदलावी का.

मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवलंय, आता नव्या टीचर्सच्या वर्गात मागे बसून त्यांचं काम बघते आणि त्यांना ट्रेनिंग देते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वाचायला सवड काढा.

वही कोरी आहे एवढ्या एका कारणावरून शाळा बदलू नका. पण "आमच्याकडे खेळातून शिक्षण" असं शाळेने सांगितलं म्हणून निश्चिंतही होऊ नका, कारण हे वाक्य हल्ली सगळेच म्हणतात. वर्गात खेळ चाललाय म्हणजे शिकणं चाललंयच असं नसतं. मी कुठल्याही नर्सरीत गेले की एकाच गोष्टीची वाट बघत बसते: एखाद्या मुलाने मन लावून रचलेला ठोकळ्यांचा मनोरा पडतो तेव्हा टीचर काय करते. तो अर्धा मिनिट बघितला की त्या शाळेबद्दल जेवढं कळतं तेवढं भिंतीवरच्या तक्त्यांवरून आणि फाइलींवरून कळत नाही.

हे का म्हणते ते सांगण्याआधी ठोकळ्यांकडेच नीट बघूया, कारण "नुसतं खेळतात" म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठोकळेच असतात. चांगल्या वर्गातले लाकडी ठोकळे उगाच कापलेले नसतात. कॅरोलिन प्रॅट नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे ठोकळे बनवले त्यांचं माप १:२:४ असं आहे, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी, आणि बाकीचे ठोकळे त्याच्या अर्धे, दुप्पट, चौपट. आज जगभर तेच माप चालतं. आता साडेतीन वर्षांचं पोर भिंत बांधतंय, लांब ठोकळे संपले, मग ते दोन छोटे जोडून बघतं आणि ते बरोब्बर बसतात. हा अपूर्णांकाचा पहिला धडा आहे आणि तो कोणी शिकवलेला नाही, हाताने सापडलाय. मोठा ठोकळा वर ठेवला तर पडतं, खाली ठेवला तर टिकतं, हेही असंच. आणि हे करताना मुलं बोलत असतात, "अजून एक", "याच्याखाली", "तो नको, त्याच्यापेक्षा मोठा", म्हणजे मोजणं, तुलना, वर-खाली-मध्ये, सगळं तोंडात येतं. वर्कशीटवर मोठ्या बॉलला गोल करणारं मूल आणि हे मूल यांत मला विचाराल तर हे मूल बरंच पुढे आहे, फक्त त्याचा कागद घरी येत नाही.

आता मनोरा पडतो. स्वतःहून पडतो, किंवा शेजारून धावत गेलेल्या मुलाचा धक्का लागतो. मूल ओरडतं, हातातला ठोकळा फेकतं, कधी समोरच्याला मारतं. इथे मी बघितलंय की टीचर साधारण तीन प्रकारे वागतात. एक धावत येते, "काही नाही झालं, रडायचं नाही, आपण अजून मोठा बांधू हं", आणि स्वतःच भराभर रचून देते. दुसरी आधी चूक कोणाची ते शोधते, धक्का देणाऱ्याला पकडून "सॉरी म्हण" करते, तो खाली बघून सॉरी पुटपुटतो, विषय संपला. तिसरी येऊन जमिनीवर बसते, मुलाच्या उंचीला, आणि पहिल्यांदा फारसं काही बोलतच नाही. मग म्हणते, "पडला ना. केवढा उंच झाला होता. राग आला तुला." आणि थांबते. मूल अजून थोडं रडतं, तिला टेकतं, आणि बऱ्याचदा स्वतःच म्हणतं की याने पाडला. मग ती दुसऱ्याला बोलावते, "बघ याचा चेहरा, त्याला वाईट वाटलंय, आता काय करूया?" आणि खरंच उत्तराची वाट बघते. दुसरा मुलगा कधी ठोकळे गोळा करून आणतो, कधी नुसता उभा राहतो. तेही चालतं.

मला तिसरी टीचर हवी असते. पहिली वाईट नाही, मायाळूच असते, पण "काही नाही झालं" हे खोटं आहे, त्या मुलासाठी खूप काही झालेलं असतं, आणि आपल्याला जे वाटतंय ते मोठ्यांना दिसतच नाही एवढंच तो त्यातून शिकतो. दुसरीच्या वर्गात मुलं सॉरी हा पासवर्ड शिकतात. मारलं, सॉरी, परत मारलं, परत सॉरी.

तर तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. खेळ वेगळा आणि भावना वेगळ्या, खेळाचा एक तास आणि भावनांचा एक तास, असं या वयात नसतंच. खेळताना हरणं, थांबणं, आपली वस्तू दुसऱ्याला देणं, कोणी खेळायला न घेणं, भीती वाटूनही उंचावर चढणं हे सगळं रोज, लहान लहान मापात, आपोआप होतं. भावनांचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा मुलांना दुसरी कुठे मिळणार? अट एकच, जवळ एक शांत मोठं माणूस हवं जे बघत असेल आणि योग्य वेळी एखादं वाक्य बोलेल. माणूस नसेल तर त्या खेळात जोरात असलेली मुलं जिंकत राहतात आणि शांत मुलं कोपऱ्यात जातात, म्हणून मी नुसत्या "मोकळं सोडा" वाल्या शाळांच्याही फार प्रेमात नाही.

भावनेला नाव देण्यात काय एवढं मोठं, असंही विचारलंय. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन घेत एक प्रयोग केला होता. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तर मेंदूतला अमिग्डाला नावाचा, धोका दिसला की घंटा वाजवणारा भाग शांत झालेला दिसला आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग जास्त कामाला लागला. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोक लगेच मुलांना चिकटवतात. मुलांच्या बाबतीत एक मोठा फरक आहे, त्यांचा तो आवर घालणारा भाग अजून बनतोय, तो पूर्ण व्हायला विशी ओलांडावी लागते. म्हणून मूल पूर्ण भडकलेलं असताना "तुला राग आलाय का, सांग बरं, शब्दात सांग" करत बसायचं नसतं. तेव्हा शब्द आत जातच नाहीत. तेव्हा जवळ बसणं, आवाज खाली ठेवणं, कोणाला लागू न देणं, एवढंच. नाव नंतर द्यायचं, श्वास जागेवर आला की. आणि खरं तर सगळ्यात जास्त शब्द शिकवायचे ते मूल शांत, खूश असताना, गोष्ट वाचताना, बाहुल्यांशी खेळताना. पोहायला पूर आल्यावर शिकवत नाहीत ना, तसंच.

शब्द म्हणजे फक्त आनंद, दुःख, राग पण नाही. चांगल्या वर्गातली मुलं चार-साडेचार वर्षांची होईपर्यंत कंटाळा आला, हिरमुसलो, लाज वाटली, भीती वाटते पण बघायचंय, मला एकटं सोडलं, असं सगळं बोलायला लागतात. आपल्या भाषेत तर यासाठी शब्दांची काय कमी आहे, रुसणं वेगळं, फुगणं वेगळं, चिडणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. वापरा ते घरी. सगळ्यालाच "सॅड" आणि "अँग्री" म्हणायची गरज नाही.

चेहऱ्यांच्या चार्टबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. चार्ट वाईट नाही, सुरुवातीला ओळख करून द्यायला उपयोगी पडतो. पण रोज सकाळी सगळ्यांना ओळीत विचारला की दुसऱ्या आठवड्यापासून सगळी मुलं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात कारण टीचरला ते आवडतं हे त्यांना कळलेलं असतं. किंवा पुढच्याने जिथे ठेवलं तिथेच मागचा ठेवतो. शिवाय एकाच वेळी दोन भावना असू शकतात, म्हणजे शाळेत यायचंय पण आईही हवीय, हे लहान मुलांना जाणवत असलं तरी तसं समजून सांगता येत नाही, ती समज साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास पक्की होते. मग एका चेहऱ्यावर बोट ठेवून ते काय सांगणार? माझ्या ट्रेनिंगमध्ये मी सांगते की चार्ट भिंतीवर असू द्या, खाली, मुलांच्या हाताला येईल असा, आणि दिवसभरात गरज पडेल तेव्हा मूल स्वतः जाऊन दाखवू दे. आणि टीचरनेही आपलं सांगावं, "मला आज जरा दमल्यासारखं वाटतंय", म्हणजे फक्त हसरा चेहराच बरोबर असतो असं नाही हे कळतं.

आता दुसरा महत्त्वाचा भाग, खोटं-खोटं खेळणं. भातुकली, डॉक्टर-डॉक्टर, तू बाळ मी आई, बस-बस. पालकांना हा सगळ्यात फुकट वेळ वाटतो आणि माझ्या मते नर्सरीतला हा सगळ्यात किमती वेळ आहे. लेव्ह व्हायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली एका व्याख्यानात मांडलं होतं की खेळात मूल स्वतःपेक्षा जणू डोकंभर उंच होतं. त्याचा अर्थ मुलांबरोबर बसलं की लगेच कळतो. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं पोर "पेशंट" झालं की डोळे मिटून पडून राहतं कारण पेशंट असाच पडतो. त्याच परंपरेतल्या मानुइलेंको या संशोधिकेने १९४० च्या दशकात हेच तपासून बघितलं, मुलांना नुसतं स्थिर उभं राहायला सांगितलं आणि मग पहारेकरी बनून उभं राहायला सांगितलं, तर पहारेकरी बनल्यावर मुलं कितीतरी जास्त वेळ हलली नाहीत. स्वतःला आवरणं असं येतं. "हाताची घडी तोंडावर बोट" म्हणून येतं ते टीचर बघत असते तोवरच टिकतं.

आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे कळणंही इथेच घडतं. हान्स विमर आणि योसेफ पर्नर यांचा १९८३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गोष्टीतला एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसरीकडे ठेवते, आता परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात नव्या जागी, कारण त्यांना स्वतःला ते तिथे आहे हे माहितीये. चारच्या पुढे मुलांना कळायला लागतं की त्याला माहितीच नाही, तो जुन्या जागी जाईल. म्हणजे तुमचा लेक नेमका या उंबरठ्यावर आहे. त्याला "दुसऱ्याला कसं वाटेल याचा विचार कर" सांगणं म्हणजे अजून न आलेल्या दाताने चावायला सांगणं आहे. पण खेळात तो रोज आई होतो, बाळ होतो, डॉक्टर होतो, दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, आणि त्यातूनच ती समज वाढते.

एक गोष्ट पालकांना अस्वस्थ करते म्हणून सांगते. मुलं खेळात बाहुलीला मारतात, रागावतात, इंजेक्शनं टोचतात, अंधाऱ्या खोलीत कोंडतात. लगेच घाबरू नका आणि "असं नाही करायचं, बाहुलीला पापी दे" पण करू नका. दवाखान्यात ज्याला घट्ट धरून इंजेक्शन दिलं होतं ते मूल आता स्वतः डॉक्टर होतंय, सुई त्याच्या हातात आहे, भीती पचवायचा हा त्याचा मार्ग आहे. जवळ बसा, फार तर विचारा, "बाहुलीला भीती वाटतेय का? मग तिला काय सांगूया?" बहुतेक वेळा काही दिवसांनी खेळ बदलतो, बाहुली बरी होते, घरी जाते. लक्ष द्यायचं ते खेळ बदलतच नसेल तर, आठवड्यामागून आठवडे तेच तेच, मूल खेळून मोकळं न होता जास्तच ताणलेलं दिसत असेल, किंवा त्या वयाला माहिती असू नये असं काही त्यात दिसत असेल तर. मग टीचरशी आणि बालमानसतज्ज्ञांशी बोला, मुलाची उलटतपासणी करू नका.

मस्ती-मारामारीचं पण असंच. अंगावर लोळणं, पकडापकडी, खोटी कुस्ती. चेहऱ्याकडे बघा. हसू असेल, आळीपाळीने वर-खाली होत असतील, सुटल्यावर परत एकमेकांकडेच पळत असतील तर तो खेळ आहे. चेहरा आवळलेला, एकच जण सतत खाली, आणि सुटल्यावर तो लांब पळाला, तर भांडण आहे. एवढं कळलं की अर्ध्या वेळा मध्ये पडायची गरजच उरत नाही.

तुम्ही लिहिलंय की तो बऱ्याचदा दुसऱ्यांच्या शेजारी बसून एकटाच खेळतो. यात मला काही काळजीचं वाटलं नाही. मिल्ड्रेड पार्टनने १९३२ साली नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण करून खेळाचे प्रकार लिहून ठेवले, नुसतं रिकामं फिरणं, एकट्याने खेळणं, लांबून बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं, आणि ठरवून एकत्र खेळणं. पूर्वी याला जिना समजायचे. प्रत्यक्षात मुलं दिवसभरात या सगळ्यांत ये-जा करतात, पाच वर्षांचं मूलही कधी एकटं बसतं आणि ते छान असतं. लांबून बघणारं मूलसुद्धा काम करत असतं, आत कसं शिरायचं याचा अभ्यास चाललेला असतो. "जा, खेळ ना त्यांच्यात" म्हणून ढकललं की तो अभ्यास मोडतो. चांगली टीचर अशा मुलाला काहीतरी काम देऊन आत नेते, "त्यांच्या दुकानात सामान आणून देणारं कोणी नाहीये, तू आणतोस?"

आता एबीसीडी. हा खेळातून शिकण्याचा विचार नवा नाही आणि फॅशनही नाही. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली, तिलाच पुढे त्याने किंडरगार्टन म्हटलं, आणि तिथे लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन, नळकांडं हे साहित्य होतं. मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये सुरुवात केली, तिला मात्र खोटं-खोटं खेळण्यापेक्षा खरं काम जास्त मोलाचं वाटायचं, ओतणं, पुसणं, बटणं लावणं. या दोघांत मी कुणा एकाच्या बाजूने पूर्ण नाही, मला वर्गात दोन्ही लागतं. पण मुलाचा हात आधी आणि पेन्सिल नंतर यावर दोघांचं भांडण नाही. क्ले मळणं, मणी ओवणं, चिमट्याने उचलणं, कात्री, फडके पिळणं, लटकणं, चढणं, यातून खांदा, मनगट, बोटं तयार होतात. ते तयार नसताना लिहायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, दमतं, आणि लिहिणं म्हणजे त्रास हे डोक्यात बसतं. ज्यांचा हात तयार आहे आणि ज्यांना स्वतःला लिहायचंय त्यांना जरूर लिहू द्या, मी अडवत नाही. मावसबहीण त्यातली असेल. तुलना मात्र नको.

लवकर शिकवलं तर पुढे राहतील ना, यावर एक अभ्यास मला नेहमी सांगावासा वाटतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात यप्सिलांटी इथे १९६७ मध्ये गरीब घरातल्या ६८ मुलांना तीन प्रकारच्या वर्गांत घातलं, एकात टीचर पाठ देणार आणि मुलं उत्तरं देणार, दुसऱ्यात मुलं काय करायचं ते ठरवणार आणि टीचर मदत करणार, तिसरी पारंपरिक खेळाची नर्सरी. सुरुवातीला थेट शिकवलेली मुलं बुद्ध्यांकात जरा पुढे होती पण तो फरक फार टिकला नाही. ती मुलं २३ वर्षांची झाल्यावर परत भेटले, तेव्हा थेट शिकवलेल्या गटातल्या ४७ टक्के जणांना शाळेच्या वर्षांत कधीतरी भावनिक अडचणींसाठी उपचार घ्यावे लागले होते, बाकी दोन गटांत हे प्रमाण ६ टक्के होतं. मुलं थोडी होती, त्यामुळे या आकड्यांवर सगळा इमला चढवू नये, त्यावर वादही झालेत. तरी मी ज्या वर्गांत बसते तिथे जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. दिवसभर दुसऱ्याच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देणाऱ्या मुलाला स्वतःचं भांडण स्वतः सोडवायची वेळच मिळत नाही.

चावण्याबद्दल. साडेतीनला एकदा चावणं ही मोठी घटना नाही, मूल वाईट नाही आणि तुम्हीही वाईट आई नाही. टीचरना विचारा की कधी चावला, कोणाला, त्याच्या आधी अगदी लगेच काय झालं होतं. बहुतेक वेळा उत्तर सापडतं, गर्दी होती, हातातलं ओढून घेतलं, भुकेची किंवा झोपेची वेळ होती, शब्द सुचले नाहीत. त्या क्षणी मोठ्यांनी आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं, मग याला थोडक्यात आणि ठाम, "चावायचं नाही. दुखतं." भाषण नको. परत चावून दाखवणं तर अजिबात नको, त्यातून एवढंच शिकतात की मोठं झालं की चावता येतं. आणि शांत झाल्यावर दुसरा मार्ग हातात द्यायचा, "माझं आहे, दे" असं जोरात म्हणायचं, किंवा टीचरला हाक मारायची, आणि हे बाहुल्या घेऊन घरी खेळून बघायचं. वारंवार होत असेल, आठवड्यात अनेकदा, तर बोलणं, ऐकू येणं, झोप हे सगळं तपासून घ्या.

सोडताना रडण्याचं बहुतेक जण उलटं करतात. रडू नये म्हणून नजर चुकवून पळतात. कृपा करून असं करू नका. त्या दिवशी रडणं वाचतं, पण आई कधीही न सांगता गायब होऊ शकते हे कळलं की मूल घरीसुद्धा पदर सोडत नाही. सांगून जा, थोडक्यात जा, रोज एकाच पद्धतीने, एक मिठी, एक टाळी, "खेळून झालं, गोष्ट झाली की मी येते", आणि मग खरंच जा, दारातून तीनदा मागे येऊ नका. वेळ घड्याळात सांगू नका, दिवसातल्या कुठल्यातरी गोष्टीने सांगा. "शहाणा मुलगा रडत नाही" हेही नको, रडून मग खेळायला लागणं हे शहाणपणाचंच आहे. टीचरना विचारा की तुम्ही गेल्यावर किती वेळ रडतो. काही मिनिटांत खेळायला लागत असेल तर ते रडणं निरोपाचं आहे, सुट्टीनंतर, आजारपणानंतर ते परत येतं आणि परत जातं. दिवसभर कोणाजवळच जात नसेल, खेळत नसेल, खात नसेल आणि हे आठवड्यांनी कमी होत नसेल तर मात्र शाळेला सांगून परत सुरुवात करा, थोडा वेळ, तुम्ही जवळ, एकाच ठरलेल्या टीचरच्या हातात.

घरी आल्याआल्या "आज काय शिकलास" विचारू नका, हो. त्याच्यासाठी तो प्रश्न फार मोठा आहे. खायला द्या, थोडं लोळू द्या. मग तुमच्या बाजूने काहीतरी सांगा, "आज माझं काम अडकलं आणि मी वैतागले". किंवा बाहुल्यांची शाळा मांडून बसा, त्याला टीचर होऊ द्या आणि तुम्ही रडणारं मूल व्हा. तो तुमच्याशी जसं वागेल त्यावरून वर्गात काय चालतं याचा बराच अंदाज येतो. सगळं खरं धरू नका, पण ऐका.

शाळा बदलायची की नाही यासाठी एकदा वर्गात तासभर बसायला मागा. फोटो काढलेला कार्यक्रम नको, साधा दिवस. खेळायचा सलग वेळ किती आहे ते बघा, वीस-वीस मिनिटांनी घंटा वाजत असेल तर भातुकली मांडून होईपर्यंतच वेळ संपतो, मला सलग पाऊण तास ते एक तास हवा वाटतो. साहित्य मुलांच्या हाताला येतं का की वर कपाटात नीट ठेवलंय. भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी असतील तर ती टीचरने काढलीत. आणि मुलं किती, मोठी माणसं किती, कारण तीस मुलांत एक टीचर असेल तर ती कितीही चांगली असली तरी पडलेल्या मनोऱ्याजवळ बसायला तिला वेळच नाही. टीचरना विचारा, "याला काय आवडतं, कोणाबरोबर खेळतो, चिडल्यावर कशाने शांत होतो?" तुमच्या मुलाबद्दल त्या तीन-चार खऱ्याखुऱ्या, फक्त त्याच्याच गोष्टी सांगू शकल्या तर वही कोरी असली तरी मुलाला तिथेच राहू द्या. "छान आहे, हुशार आहे, थोडा हट्टी आहे" एवढंच आलं, आणि महिन्याभराने परत विचारल्यावरही तेवढंच आलं, तर दुसरी शाळा बघायला सुरुवात करा, मग तिथे एबीसीडी शिकवत असोत वा नसोत.